पावलांची बाराखडी

गौरी-आवाहनाच्या दिवशी आपल्याकडे अनेक घरांत उंबरठ्यापासून गौरीची पावले काढतात. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवलेली मूठ जमिनीवर टेकवायची, वर बोटाने पाच टिंबे द्यायची, की पाऊल झाले. पावले आत वळलेली, म्हणजे गौर घरात आली, हे चार वर्षांच्या पोरालाही कळते. न दिसलेला पाहुणा खुणेवरून ओळखण्याचे हे शिक्षण सणाच्या दिवशी सहज होते. मग ते उंबरठ्याबाहेर का जाऊ नये?

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता मिळतो. तिथले मूल नुसत्या आवाजावरून ट्रक कोणता आणि एस.टी. कोणती ते सांगेल. पण रात्री भाताच्या वाफ्यातून डुक्कर गेले की भेकर, हे त्याला सांगता येईल का?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. आपल्या जिल्ह्यात बिबट्या वस्तीजवळ येतो, क्वचित विहिरीतही पडतो. अशा वेळी चिखलात मोठ्या कुत्र्याचा पंजा दिसला, तरी वाडीभर 'वाघ आला' अशी हाकाटी व्हायला वेळ लागत नाही. वास्तविक फरक सोपा आहे. कुत्र्याच्या बोटांपुढे नखे उमटतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून ती सहसा उमटत नाहीत. त्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. घरचे मांजर ही त्याचीच लहान आवृत्ती. तेव्हा पहिला धडा चुलीपाशीच मिळतो.

कातळावर माग उमटत नाही. म्हणून शाळेच्या कडेला चाळलेल्या मातीचा दोन हातांचा वाफा करावा, संध्याकाळी ओला करून सारखा करावा आणि सकाळी विचारावे, 'रात्री कोण येऊन गेले?' नुसते नाव सांगणाऱ्याचा नव्हे, कारण सांगणाऱ्याचा डाव. ससा पळताना त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. मुलांनी दोन हात टेकून तशी उडी मारून पाहावी. हसत-पडत शिकलेले ते विसरणार नाहीत. यावर परीक्षा मात्र ठेवू नये. गुण आले की खेळ संपला!

काही म्हणतील, हे शास्त्र आता जुने झाले. १९७२ साली देशभरातले वाघ ठशांवरूनच मोजले होते. पुढे सरिस्कात कागदोपत्री वाघ असताना २००५ साली जंगलात एकही उरला नसल्याचे उघड झाले, आणि मोजणीसाठी कॅमेरे आले. हे खरे. पण आपल्याला वाघ मोजायचे नाहीत. शेजारी कोण राहते, एवढेच जाणायचे आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे: माग ओळखणारा उद्या फासकी लावील. परंतु शिकाऱ्याला माग आजही कळतो. कळत नाही तो त्याला अडवू शकणाऱ्या गावाला. खेळाचा एक नियम मात्र कडक हवा. माग ओळखायचा, मागावर जायचे नाही. ताजा ठसा दिसला, तर परत फिरून मोठ्यांना सांगायचे.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत वनराई बंधारे बांधले जातात. अडलेल्या पाण्यावर जनावरे येतात आणि काठच्या गाळात पावले ठेवून जातात. पुढच्या शिबिरात एक सकाळ तिथे गावातल्या मुलांबरोबर घालवावी. सोबत एखादा जुना गुराखी असावा. त्या सकाळी प्राध्यापकांनी आणि आपणही त्याचे विद्यार्थी व्हावे, अशी माझी सूचना आहे.