जुन्या वास्तूंसाठी शिकलेली माणसं



न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रोज ये-जा करणाऱ्या आपल्या मंडळाच्या सभासदांना पेन स्टेशनची भुयारं पाठ आहेत. १९१० साली याच जागी भव्य दगडी स्टेशन उभं राहिलं होतं. १९६३ मध्ये ते पाडायला घेतलं आणि शहर हळहळलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कने ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला, पुढच्याच वर्षी देशाचा कायदा आला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराचा कायदा उचलून धरला आणि ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचलं.

याच काळात, १९६४ साली, जेम्स मार्स्टन फिच यांनी कोलंबिया विद्यापीठात वारसा-जतनाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. कायद्याने पाडकाम थांबतं. वास्तू टिकवायला मात्र जाणकार लागतो. चुन्यात बांधलेल्या मऊ विटांच्या दरजा सिमेंटने भरल्या, तर ओल विटेतच कोंडते आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. सद्हेतूने केलेली दुरुस्तीच वास्तूच्या मुळावर येते. हे ज्ञान मिळवायला साधारण दोन वर्षं आणि भरपूर पैसा लागतो.

अडचण इथेच आहे. पीएच.डी.ला बहुधा फी माफ होते, विद्यावेतनही मिळतं. या पदव्युत्तर शिक्षणासाठी अनेकांना कर्ज काढावं लागतं. पुढे नोकरी बहुतेकदा सरकारी खात्यात, संग्रहालयात किंवा लहान संस्थेत. तिथल्या पगारात हप्ते फेडणं जड जातं आणि तयार झालेली माणसं दुसऱ्या क्षेत्राकडे वळतात. म्हणून या विषयातल्या फेलोशिपचं मोल मोठं आहे. कर्जाची धास्ती नसलेला विद्यार्थीच आवडीच्या कामात टिकतो.

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांतले ११ महाराष्ट्रातले. आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. त्या तटबंद्या सांभाळायला चुना आणि दगड ओळखणारी माणसं लागणारच आहेत.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला आमची विनंती आहे: दरवर्षी एक शिष्यवृत्ती वारसा-जतन शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी, मग तो अमेरिकेतला असो वा महाराष्ट्रातून आलेला. आणि पालकहो, मुलीने वा मुलाने हा विषय निवडला, तर ‘यात पैसा किती?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि फेलोशिपचे अर्ज भरायला सोबत बसा.

– संपादक