गाडी गेली, चाकोरी राहिली : डोंगरातल्या ‘ऑफ-रोड’ हौसेचा हिशोब गावानं मांडायला हवा

छत्रपती संभाजीनगर : पहिला दणकून पाऊस झाला की म्हैसमाळ, सुलीभंजन, दौलताबाद आणि गौताळ्याच्या डोंगराकडे शहरातली गर्दी वळते. या गर्दीत आता एक नवा वर्ग मिसळला आहे. डांबरी रस्ता सोडून गाडी मुद्दाम चिखलात, ओढ्यात, मुरमाच्या चढावर घालणारा. शहरात या हौसेला ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात. गावात त्याचं सोपं नाव पडलंय, ‘थारवाले’.

ही हौस अचानक आलेली नाही. पूर्वी चारही चाकांना ताकद देणारी गाडी म्हणजे जुनी जीप, तीही मोजक्यांकडे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नवी थार बाजारात आली, २०२३ मध्ये जिमनी आली, २०२४ मध्ये पाच दारांची थार आली. डोंगरात चालवायच्या मोटारसायकलीही नोकरदार पोराला हप्त्यावर परवडू लागल्या. गाडी घेतली की ती चढावर चढवून बघायची इच्छा होणारच. त्यात हातात मोबाइल. गाडी चढली की रील झाली, रील चालली की पुढच्या रविवारी आणखी चार गाड्या त्याच वाटेला.

या हौसेनं जीव कसा जातो, हे जिल्ह्यानं पाहिलं आहे. जून २०२४ मध्ये सुलीभंजनच्या दत्त मंदिर परिसरात रीलसाठी गाडी चालवताना ती उलटी मागे जाऊन थेट दरीत कोसळली आणि एका तरुणीचा मृत्यू झाला. ती गाडी आडवाटेला गेलेली नव्हती, सपाट मोकळ्या जागेत होती. तिथं ही गत, तर कठडा नसलेल्या निसरड्या कड्यावर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

अपघाताची बातमी होते. पण गाड्या सुखरूप परत गेल्यावर गावाच्या जमिनीवर जे मागे राहतं, त्याची बातमी होत नाही. खरा प्रश्न तिथं आहे.

चाकोरीचा ओहोळ कसा होतो?

आपल्याकडच्या डोंगरावर माती फार नाही. खाली काळा खडक, त्यावर मुरूम, वर वीतभर माती आणि तिला धरून ठेवणारं गवत. दीड-दोन टनांची गाडी ओल्या चढावर घसरायला लागली की चाक जागेवर फिरतं आणि गवताची मुळं उपटून टाकतं. पहिल्या दिवशी दिसते ती फक्त चाकोरी. पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून धावतं, कारण पाण्याला उतार आणि मोकळी वाट दोन्ही आयतं मिळालेलं असतं. दोन-तीन पावसाळ्यांत त्या चाकोरीचा ओहोळ होतो आणि मुरूम उघडा पडतो. तिथं परत गवत यायला वर्षं लागतात.

आता हे पाणलोटाच्या कामाशी जोडून बघा. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, बांध घातले, ते कशासाठी? पळणारं पाणी थांबावं आणि खालच्या विहिरीला लागावं म्हणून. चराच्या भरावावरून चार गाड्या गेल्या की तो तिथं दबतो, फुटतो. फुटलेल्या जागेतून सगळ्या चराचं पाणी एकदम सुटतं आणि खालचे चरही घेऊन जातं. दुष्काळी तालुक्यात हे नुकसान थेट पिण्याच्या पाण्याचं आहे.

पाणंद रस्त्याचंही तेच. पावसाळ्यात गावकरी स्वतः जपून वापरतात अशा पाणंदीत जड गाड्या खेळल्या, की आठवडाभर बैलगाडी जात नाही आणि ट्रॅक्टर फसतो. माल शेतातच अडकतो. ती पाणंद नीट करायला मुरूम टाकायचा खर्च ग्रामपंचायतीच्या माथी. रील टाकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

पैठण, गंगापूर भागात नाथसागराच्या काठी वेगळी अडचण आहे. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं आणि मोकळी जमीन उघडी पडते. काही ठिकाणी लोक गाळपेर करतात, बाकी मैदान दिसतं. गाडीवाल्याला वाटतं, इथं कुणाचं काय जाणार? पण टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. पाणकाठचे इतरही काही पक्षी तसेच. चाकाखाली अंडी गेली तरी चालवणाऱ्याला कळत नाही.

जमीन कोणाची, यावर सगळं अवलंबून

‘डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे का?’ असं गाडीवाले सहज बोलून जातात. उत्तर असं की प्रत्येक तुकड्याला मालक आहे आणि प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

पहिलं, अभयारण्य. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे जंगल आपल्या आणि जळगाव जिल्ह्यात पसरलं आहे. बिबट्या तिथं आहेच, पण मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघही तिथल्या कॅमेऱ्यात दिसला होता. नाथसागरही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जाणं वेगळं. रस्ता सोडून आत शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगी लागते. या कायद्याच्या भंगाला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरं, राखीव वन. ते अभयारण्यात नसलं तरी भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २६ प्रमाणे तिथं विनापरवाना घुसणं गुन्हा आहे.

तिसरं, गायरान. ही जमीन सरकारची, चराईसाठी राखलेली आणि ग्रामपंचायतीच्या ताब्यातली. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात बजावलं. म्हणून गायरानावर गाड्यांचा ट्रॅक उभा करायला सरपंचानं परस्पर ‘हो’ म्हणणंही चुकीचं ठरेल. जागा चराईची आहे. तिचा दुसरा वापर महसूल खात्याला विचारल्याशिवाय होत नाही.

चौथं, मालकीचं शेत. इथं सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याची परवानगी. न विचारता गाडी घालून बांध फोडला किंवा पीक तुडवलं, तर भारतीय न्याय संहितेत कलम ३२४ नुकसानीसाठी आणि कलम ३२९ बेकायदा प्रवेशासाठी आहे.

गाडीचेही नियम आहेत. नोंदणी नसलेली चारचाकी ‘एटीव्ही’ गावच्या रस्त्यावर चालवता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्यानं गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. हे शहरातल्यांनाच लागू नाही. थारवाल्यांचं बघून वडिलांची मोटारसायकल कड्यावर चढवणाऱ्या गावातल्या पोरांच्या घरच्यांनीही ध्यानात ठेवावं.

जिथं गाडी थांबते, तिथं बाजार बसतो

मग सरळ बंदी घालावी का? तेवढ्यानं काम होणार नाही. डोंगराला फाटक नाही आणि प्रत्येक वाटेवर वनरक्षक उभा करता येत नाही. शिवाय डोंगरकाठच्या गावांत हाताला काम नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात. बाहेरून येणाऱ्या गर्दीतून दोन पैसे मिळत असतील तर ते का सोडायचे, हा प्रश्न रास्त आहे.

पण ते दोन पैसे आज मिळतात का? गाड्या शहरातून पेट्रोल भरून, पाण्याच्या बाटल्या आणि डबे घेऊन येतात. डोंगरात फिरतात आणि अंधार पडायच्या आत परत जातात. फार तर एखादी गाडी फसते, मग ट्रॅक्टर लागतो. त्याचा भाव ठरलेला नसतो. ओढताना साखळी तुटून कुणाला लागलं, तर जबाबदारी कुणाची हेही ठरलेलं नसतं. शेतीकामासाठी विमा काढलेल्या ट्रॅक्टरनं भाड्यानं असं काम केलं, तर विमा कंपनी भरपाईवर बोट ठेवू शकते.

याच जिल्ह्यात एक शिकण्यासारखं उदाहरण आहे. अजिंठा लेणीला जाणाऱ्या खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवरच थांबतात. तिथून लेणीपर्यंतचे चार किलोमीटर बसनं जावं लागतं. धूर आणि गर्दी लेणीपासून दूर ठेवण्यासाठी ही सोय झाली. पण त्यातून दुसरंही घडलं. माणूस जिथं गाडीतून उतरतो, तिथं तो चहा घेतो, पाणी घेतो, टोपी घेतो. टी-पॉइंटला दुकानं चालतात ती त्यामुळंच. न थांबता जाणारी गाडी गावाला धुळीशिवाय काही देत नाही.

बाहेर हे कसं जमवलं?

कॅनडात न्यूफाउंडलंड नावाचं मोठं खडकाळ बेट आहे. तिथली अरुंद रूळांची रेल्वे १९८८ मध्ये बंद पडली. रूळ उखडले, पण सुमारे ८८० किलोमीटरचा तो पट्टा सरकारनं विकला नाही. १९९७ मध्ये त्याला उद्यानाचा दर्जा देऊन चालणारे, सायकलवाले आणि एटीव्हीवाले यांच्यासाठी सामाईक वाट केली. आधीच दबलेली, खडी टाकलेली वाट गाड्यांना मिळाली, त्यामुळं नव्या दलदलीत आणि माळावर चाकं घालायची गरज कमी झाली. वाट जुन्या स्टेशनांच्या गावांवरूनच जाते, म्हणून मुक्काम आणि जेवण गावातच होतं.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोळसा खाणी मंदावलेल्या डोंगराळ भागात १९९६ मध्ये कायदा करून हॅटफिल्ड-मॅककॉय ट्रेल्स ही व्यवस्था उभी राहिली. २००० पासून तिथं गाडीवाल्यांना परवाना विकत घ्यावा लागतो, हेल्मेट सक्तीचं आहे. जमीन बहुतांश खासगी कंपन्यांची. ‘आमच्या जमिनीवर कुणी पडलं तर आम्ही अडकू’ ही मालकांची भीती होती, ती जबाबदारी कायद्यानं आणि विम्यानं वेगळ्या संस्थेकडे घेतली. जमीनमालक निर्धास्त झाल्यावरच वाटा खुल्या झाल्या.

दोन्हीकडे क्रम सारखाच दिसतो. आधी वाट, हंगाम आणि जबाबदारी ठरली, गाड्या नंतर आल्या. आपल्याकडे गाड्या आधी आल्या.

ग्रामसभेत काय ठरवता येईल?

कागदावर चौकट अगदीच नाही असं नाही. राज्यानं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यात पैसे घेऊन असे कार्यक्रम करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. गावात कुणी ‘इव्हेंट’ घ्यायला आला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा : नोंदणीचा कागद दाखवा. दुसरा : विमा कुणाचा आणि किती? मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत बसत नाही, हे लक्षात ठेवावं.

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत चार गोष्टींवर ठराव होऊ शकतो. एक, तलाठी आणि वनरक्षकांना सोबत घेऊन शिवाराचा नकाशा समोर ठेवावा आणि वन, गायरान, पाणंद, चराची कामं कुठं आहेत ते पक्कं करावं. तिथं गाडी नाही, असा फलक वाटेच्या तोंडाशी लावावा. दोन, जून ते ऑक्टोबर ओल्या जमिनीवर गाड्या नकोत. जमीन वाळल्यावर नुकसान बरंच कमी होतं. तीन, ज्या शेतकऱ्यांची पडीक, खडकाळ मालकी जमीन आहे आणि ज्यांची तयारी आहे, त्यांनीच लेखी करार करून जागा द्यावी. दुरुस्तीचा खर्च अनामत म्हणून आधी घ्यावा. चार, गाड्या गावात थांबतील अशीच सुरुवात आणि शेवट ठेवावा. पार्किंगचे पैसे घ्यायचे तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि पावती हवी. उघड्या हातानं वसुली झाली की गावचंच नाव खराब होतं.

आणि कुणी ऐकलंच नाही तर? गाडी अडवून हाणामारी करू नये, त्यात गुन्हा गावकऱ्यावरच दाखल होतो. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. गाडीचा नंबर, चाकोरी आणि जागा दिसेल असा फोटो तारीख-वेळेसह काढावा. जंगल असेल तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर, अपघात किंवा भांडण असेल तर ११२ वर कळवावं. गाडीवाल्यानं स्वतः टाकलेली रीलही जपून ठेवावी. तो कुठं गेला होता, याचा पुरावा बऱ्याचदा त्यानंच दिलेला असतो.

गाडीवाले सगळेच बेफिकीर नसतात. वाट विचारून जाणारे, कचरा परत नेणारे, ओल्या जमिनीवर न जाणारेही त्यांच्यात आहेत. अशांना नियम जाचत नाहीत, उलट आपण कुठं जायचं हे कळल्याचं बरंच वाटतं. नियम नसले की फायदा होतो तो फक्त बेफिकिरांचा. यंदाचा पाऊस यायच्या आत शिवाराचा नकाशा ग्रामसभेच्या टेबलावर आला, तर डोंगरातली वाट गाव ठरवेल. नाही आला, तर ती पुढच्या रविवारी पहिली येणारी गाडी ठरवेल.