सहीचा कागद आणि आडवा दांडा

बर्फाच्या उतारावर स्कीइंग करणाऱ्यांना डोंगरावर नेणारी पहिली चेअरलिफ्ट अमेरिकेत आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे १९३६ साली सुरू झाली. जहाजात केळ्यांचे घड चढविण्याच्या यंत्रावरून एका रेल्वे कंपनीच्या अभियंत्याला ती सुचली. घडांच्या जागी माणसे बसली. परंतु त्यांच्या जिवाची जोखीम कोणी वाहावी, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. त्या खुर्चीत मूल बसते, तेव्हा तर तो अधिकच तीव्र होतो.

ही खुर्ची प्रौढाच्या मापाची असते आणि चालत्या स्थितीतच तिच्यावर बसावे लागते. लहान मूल कडेवरच टेकते. पायांतील जड स्की त्याला खाली ओढतात. काही क्षणांतच जमीन दूर जाते. म्हणून खरे उपाय दोनच: समोरचा आडवा दांडा तत्काळ खाली घेणे, आणि मूल नीट बसले नाही असे दिसताच यंत्र थांबविणारा दक्ष कर्मचारी तेथे उभा असणे. फ्रान्समध्ये काही ठिकाणी मुलांच्या जाकिटात पाठीशी धातूची पट्टी बसवून खुर्चीतील विद्युत्-चुंबकाने त्यांना धरून ठेवतात. अमेरिकेत मात्र दांड्याच्या वापराची सक्ती व्हरमाँटसारख्या मोजक्याच राज्यांत आहे.

सक्तीला विरोध करणारे वैयक्तिक जबाबदारीचा दाखला देतात. प्रौढांपुरता तो क्षणभर मान्य करू. परंतु संमतीला अर्थ येतो, तो धोका ओळखण्याची आणि नकार देण्याची शक्ती असेल तरच. सहा वर्षांच्या मुलापाशी ती कोठून असणार? अपघात ज्याला सर्वांत कमी खर्चात टाळता येतो, त्याच्यावर त्याचा भार असावा, हा विचार गिडो कालाब्रेसी यांनी १९७० साली आपल्या ग्रंथात मांडला. येथे तो पक्ष म्हणजे लिफ्टचा चालक होय, मूल नव्हे.

कॉलोराडो राज्यात २०२२ साली सोळा वर्षांची एक मुलगी लिफ्टवरून सुमारे तीस फूट खाली कोसळली. ती नीट बसू शकली नव्हती, वडील मदतीसाठी ओरडत होते, तरी लिफ्ट थांबली नाही, असे दाव्यात म्हटले होते. वडिलांनी दायित्वमुक्तीच्या कागदावर सही केलेली होती. तथापि, कायद्याने व नियमांनी घालून दिलेली कर्तव्ये अशा कागदाने पुसता येत नाहीत, असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. तो स्वागतार्ह आहे. कारण निष्काळजीपणा फुकट पडू लागला, की दक्षतेवर पैसा खर्च करण्याची निकड उरत नाही.

अर्थात न्यायालयाचा निर्णय अपघातानंतर येतो, नियम मात्र आधी हवा. मुलांसाठी दांडा सक्तीचा, लहान मुलाशेजारी जाणता माणूस आणि चढण्याच्या जागी यंत्र थांबविणारा हात, एवढे तरी कायद्याने बंधनकारक असावे. गुलमर्गलाही चेअरलिफ्ट आहे आणि आपली कुटुंबे तेथे जातात. तेव्हा हा प्रश्न केवळ परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.