रंधा मशीन घेताय?

जुन्या सागवानी पलंगाच्या फळ्यांतून मुलांसाठी टेबल करायला घेतले, की हातरंध्याने घाम निघतो आणि मशीनची आठवण होते. पण एक लक्षात घ्या. सरफेस प्लेनर फळीची एक बाजू सपाट करतो व कड गुण्यात आणतो. थिकनेसर दुसरी बाजू समांतर करून जाडी सारखी करतो. नुसता थिकनेसर घेतलात, तर त्याचे रोलर वाकडी फळी दाबून धरतात. बाहेर येताच ती पुन्हा वाकडीच! म्हणून जागा कमी असेल तर दोन्ही कामे करणारे एकच मशीन सोयीचे.

घेताना केवळ हॉर्सपॉवरवर भाळू नका. कापाची खोली शून्यावर आणून दोन्ही टेबलांवर लांब पोलादी पट्टी ठेवा. खाली फट दिसता कामा नये. एका कामावरून दुसऱ्या कामावर मशीन कसे वळवायचे, ते दुकानदाराला करून दाखवायला सांगा.

पात्यांवर संरक्षक झाकण नसेल, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. जुन्या लाकडातले खिळे आधी काढा. हातमोजे घालू नका आणि फुटापेक्षा आखूड तुकडा हातरंध्यानेच साफ करा. टेबल पुन्हा करता येते, बोटे नाहीत.