एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला?

‘‘डॉक्टरसाहेब, गाडीले एअरबॅग हाये ना, मंग पट्टा कायले लावाचा?’’

कपाळावर टाके घालून घेताना हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. हिंगणघाट सोडून पांढरकवड्याकडे निघालेली गाडी आमच्याच भागातून जाते. त्यामुळे सर्दी-ताप, सर्पदंश आणि बाळंतपण यांच्या जोडीला अपघाताचे रुग्ण पाहणे हा इथल्या सरकारी डॉक्टरच्या रोजच्या कामाचा भाग आहे. प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नसतो. गाडी घेताना शोरूममध्ये त्याने ‘एअरबॅगा किती’ हे आवर्जून विचारलेले असते. त्या एअरबॅगचे काम नेमके कसे चालते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

नवी मुंबईत घडलेल्या एका घटनेने हा प्रश्न पुन्हा समोर आणला. २१ डिसेंबर २०२४ च्या रात्री वाशीत एक कुटुंब मोटारीतून निघाले होते. सहा वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर होता. पुढे चाललेली मोठी गाडी दुभाजकावर आदळली आणि तिचा मागचा भाग या मोटारीच्या बॉनेटवर येऊन पडला. एअरबॅगा उघडल्या. मोठी माणसे वाचली, मुलगा गेला. बातम्यांनुसार त्याच्या अंगावर बाहेरून दिसणारी मोठी जखम नव्हती. मार आत लागला होता.

जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या वस्तूनेच लेकराचा जीव कसा घेतला, हा प्रश्न त्यानंतर मला कितीतरी आईवडिलांनी विचारला. काहींनी तर एअरबॅग बंदच करून घ्यावी का, असेही विचारले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एअरबॅगच्या रचनेतच आहे.

पापणी लवण्याच्या आत

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार समोर आदळली, तर तिचे बॉनेट चेपते आणि साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात गाडी थांबते. आतला माणूस मात्र थांबलेला नसतो. तो त्याच वेगाने स्टिअरिंगकडे, काचेकडे जात असतो. हा वेग किती, तर तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडल्यावर जमिनीशी पोहोचताना जितका असतो तितका. ताशी १०० किलोमीटरला हीच उंची बारा मजल्यांच्या पुढे जाते. आपण बसलेले असतो म्हणून ती जाणवत नाही, एवढेच.

हा सगळा खेळ सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागात संपतो. तेवढ्या वेळात एअरबॅगला आपले काम उरकायचे असते. गाडीतला संवेदक धक्का ओळखतो. धक्का पुरेसा जोराचा आहे, हे छोटा संगणक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत ठरवतो. मग विजेची ठिणगी पडते, स्टिअरिंगमधल्या किंवा डॅशबोर्डमधल्या डबीतले रसायन पेटते आणि त्यातून मोठ्या प्रमाणावर वायू तयार होतो. पूर्वी यासाठी सोडियम अझाइड वापरत आणि त्यातून नायट्रोजन निघे. आता बहुतेक गाड्यांत दुसरी रसायने असतात, पण तत्त्व तेच. घडी घातलेली नायलॉनची पिशवी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते आणि सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागात पूर्ण फुगते. पापणी मिटून उघडायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पुढची गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. फुगलेली पिशवी लगेच रिकामी व्हायला लागते. तिच्या मागच्या बाजूला भोके असतात. माणूस पिशवीवर आदळला की वायू त्या भोकांतून निघून जातो आणि डोके, छाती हळूहळू थांबतात. ती फुग्यासारखी टम्म राहिली असती, तर माणूस उसळून मागे फेकला गेला असता.

म्हणजे एअरबॅगचे दोन चेहरे आहेत. पूर्ण फुगून झाल्यावर तिला टेकलात तर ती उशी आहे. फुगत असताना तिच्या वाटेत आलात तर तो ठोसा आहे. आपल्या वाट्याला यातले काय येणार, हे आपण तिच्यापासून किती लांब आहोत यावर ठरते. आणि धडकेच्या क्षणी आपल्याला लांब ठेवणारी गाडीतली मुख्य वस्तू म्हणजे पट्टा.

पट्टा नसेल तर

धडकेच्या आधी चालक बहुधा करकचून ब्रेक दाबतो. पट्टा नसलेला माणूस तेवढ्यानेच पुढे सरकतो आणि स्टिअरिंगला भिडतो. एअरबॅग त्याच क्षणी बाहेर येते. मग छातीच्या फासळ्या मोडतात, मानेला झटका बसतो, चेहरा फुटतो. पट्टा लावलेला माणूस जागेवर राहतो, त्याच्यापर्यंत पिशवी येते तेव्हा तिचा जोर संपलेला असतो. म्हणूनच तंत्रज्ञांच्या भाषेत एअरबॅगला ‘पूरक’ सुरक्षा साधन म्हणतात. स्टिअरिंगवर इंग्रजीत एसआरएस ही तीन अक्षरे दिसतात, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘पूरक’ हाच आहे. पूरक कशाला? पट्ट्याला.

अमेरिकेतला अनुभव या बाबतीत बोलका आहे. समोरून होणाऱ्या धडकेत पुढच्या एअरबॅगमुळे चालकांचे मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतात, असे तिथले आकडे सांगतात. मोटारीत पुढे बसणाऱ्याच्या मृत्यूचा धोका एकटा पट्टा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी करतो. त्याच देशात १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत एअरबॅगच्या धक्क्याने २९० हून अधिक माणसे दगावली. त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. एअरबॅगचा जोर कमी करण्यात आल्यावर असे मृत्यू खूप घटले. एअरबॅग बंद करून घ्यावी का, याचे उत्तर मोठ्यांसाठी तरी स्पष्ट आहे. बंद करू नका, पट्टा लावा.

आपल्याकडे काय चित्र आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यात ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळपास निम्मे लोक गाडी चालवतही नव्हते, फक्त बसले होते.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, ते दोघे गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेला माणूस पट्ट्याविना असला की तो स्वतः तर जातोच, शिवाय पुढच्या सीटवर आदळून पुढच्याला एअरबॅगवर ढकलतो.

त्यानंतर देशात चर्चा झाली ती मात्र एअरबॅगच्या संख्येची. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली होती. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून आणि जुन्या मॉडेलांना २०२१ च्या अखेरीपर्यंत सक्तीची झाली. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, तारीख ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि शेवटी ती सक्ती झालीच नाही. सहा एअरबॅगा असाव्यात, याबद्दल माझे दुमत नाही. बाजूने होणाऱ्या धडकेत त्यांचा उपयोग होतो. पण मागचा पट्टा तर गाडीत आधीपासूनच आहे, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. तो न लावल्यास हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या कायद्यातच आहे. तरी आपल्याकडे तो सीट कव्हरखाली दडपलेला असतो. पट्ट्याची पिपाणी बंद करण्यासाठी नुसती क्लिप विकत घेऊन खाचेत अडकवणारेही आहेत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना अशा क्लिपांची विक्री थांबवायला सांगितले, तेव्हा १३,११८ जाहिराती काढाव्या लागल्या. गाडी आपल्याला हाक मारत असते आणि आपण पैसे देऊन तिचे तोंड बंद करतो.

लेकरू पुढे का नको

एअरबॅगचा सगळा हिशेब मोठ्या माणसाच्या बांध्यावरून केलेला असतो. मोठ्याच्या छातीशी येणारी पिशवी लहान मुलाच्या तोंडावर आणि मानेवर येते. मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, मानेचे स्नायू आणि बंध कच्चे असतात. डोके झटक्याने मागे गेले की मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मुलांच्या फासळ्या लवचिक असतात. त्या मोडत नाहीत, वाकतात आणि धक्का सरळ फुप्फुस, यकृत, प्लीहा यांच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून बाहेर ओरखडाही नसताना आत रक्तस्राव सुरू असू शकतो.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे पुढे बसलेल्याची मांडी. ‘‘मी घट्ट धरून ठेवतो’’ असे बाप सांगतो. ताशी ५० च्या धडकेत दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे दोनशे किलोचा जोर लागतो. तो कोणाच्याही हातात नसतो. वर समोरून पिशवी येते, मागून बापाचे वजन येते आणि लेकरू मधे सापडते.

म्हणून नियम सोपा ठेवा. बारा-तेरा वर्षांपर्यंतचे मूल मागच्या सीटवर, पट्ट्यात. लहान बाळ मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवण्याच्या बालआसनात. असे आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. उंची १४५ सेंटिमीटरच्या आसपास होईपर्यंत पट्टा गळ्याशी येतो, तोवर उंचवटा देणारे आसन वापरावे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तरीही हजार रुपये दंड आहे, हे बहुतेक पालकांना ठाऊकच नाही.

मोठ्यांनीही स्टिअरिंगचा मध्य आणि छातीचे हाड यांत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून जास्त अंतर ठेवावे. गर्भवतीने कमरेचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून घ्यावा, दुसरा पट्टा दोन्ही स्तनांमधून जाऊ द्यावा. शेजारच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर पाय टाकू नयेत. एअरबॅगच्या झाकणावर देवाची मूर्ती, अत्तराची बाटली चिकटवू नये, धडकेत ती गोळीसारखी सुटते. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड बसवू नये. त्याने धक्क्याचा अंदाज चुकून एअरबॅग वेळेवर न उघडण्याची भीती असते, शिवाय तो नियमाविरुद्धही आहे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल किंवा विझत नसेल, तर गाडी दाखवून घ्यावी. जुनी गाडी घेताना हे आधी पाहावे.

एअरबॅग उघडलीच नाही, तेव्हा

‘‘गाडीचा चुराडा झाला, पण एअरबॅग उघडली नाही’’ ही तक्रारही ऐकू येते. पुढच्या एअरबॅगा समोरच्या धडकेसाठी असतात. मागून बसलेल्या धक्क्यात, गाडी उलटल्यास त्या उघडतीलच असे नाही. आमच्या महामार्गावरचा नेहमीचा धोका म्हणजे रात्री कडेला उभा असलेला ट्रक. मोटार त्याच्याखाली घुसते, बंपरऐवजी काच आणि छप्पर आधी आदळते. तिथे एअरबॅगला काम करायला वावच मिळत नाही. २०२२ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात सेलसुऱ्याजवळ मोटार पुलावरून कोसळून वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी गेले, ते वर्धेकर विसरलेले नाहीत. वेगावर आणि रात्रीच्या प्रवासावर एअरबॅग हा उतारा नाही.

अपघातस्थळी सर्वांत आधी पोहोचतात ती आमच्या गावोगावची माणसे. त्यांच्यासाठी एवढेच. आधी गाडीची किल्ली बंद करा. न उघडलेली एअरबॅग नंतरही उघडू शकते, म्हणून जखमी आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये डोके घालू नका. उघडलेल्या पिशवीतून पांढरा धूर आणि भुकटी निघते, ती आग नव्हे. डोळ्यांत गेली असेल तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. दमेकऱ्याला मोकळ्या हवेत न्या. मान दुखत असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा.

आणि ‘‘काही लागलं नाही’’ म्हणून कोणी घरी जायला निघाला, तर त्याला थांबवा. छातीत दुखणे, धाप लागणे, पोट दुखणे, ओकारी, चक्कर, पोटावर पट्ट्याचा निळा वळ यांपैकी काहीही दिसले तर तपासणी हवीच. मूल असेल तर लक्षणे नसली तरी दाखवा. आम्ही गरज पडली तर सेवाग्रामला पाठवतो, पण तिथे वेळेत पोहोचायचे तर निघावेही वेळेत लागते.

संक्रांतीला माणसे गावाकडे निघतील. गाडीत जागा कमी आणि पोरे जास्त, हे नेहमीचेच. ‘‘मला पुढे बसू दे’’ म्हणून पोरगं हट्ट करील, रडेल. त्याला रडू द्या. मागे बसवा, पट्टा लावा आणि मग किल्ली फिरवा.