अकाल प्रसवाची चाचणी आणि आपले उत्तरदायित्व

आठव्या मासात ओज अस्थिर असते, म्हणून त्या मासातील जन्म संकटाचा होय, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. हे संकट आजही टळलेले नाही. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बालके ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मली. सबब अकाल प्रसवाचा धोका आधी ओळखू पाहणाऱ्या चाचण्यांचा परिचय प्रत्येक वैद्यास असणे अगत्याचे आहे.

त्यांपैकी ‘फीटल फायब्रोनेक्टिन’ चाचणीस अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. गर्भावरण गर्भाशयाशी जोडून ठेवणारे हे प्रथिन २२ ते ३५ आठवड्यांच्या काळात योनिस्रावात सहसा आढळत नाही. प्रति मिलिलिटर ५० नॅनोग्रॅम वा अधिक आढळल्यास अहवाल सकारात्मक मानतात. योनिमार्गे सोनोग्राफी करून गर्भाशयग्रीवेची लांबी मोजणे ही दुसरी पद्धती. २४ आठवड्यांपूर्वी ती २५ मिलिमीटरहून कमी भरल्यास धोका वाढतो.

या चाचणीचे खरे मोल तिच्या नकारात आहे. अहवाल नकारात्मक असता पुढील सात दिवसांत प्रसव होण्याची शक्यता अत्यल्प असते. सकारात्मक अहवालाचे तसे नाही. असा अहवाल आलेल्या बहुसंख्य स्त्रियांचा प्रसव त्या सप्ताहात होतच नाही. म्हणून सकारात्मक अहवालानंतर आपण कल्प दिला आणि गर्भ टिकला, एवढ्यावरून यश औषधाचे ठरत नाही. अशी उदाहरणे सिद्धी म्हणून मांडणे शास्त्रनिष्ठेस शोभणारे नाही.

येथे कालहरण हाच मोठा अपाय आहे. २४ ते ३४ आठवड्यांत प्रसव समीप असेल, तर गर्भाच्या फुप्फुसांसाठी मातेस स्टेरॉइडची सूचिका वेळेवर मिळावी लागते आणि जन्म नवजात अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयात व्हावा लागतो. अशा वेळी रुग्णेस त्वरित तेथे पाठविणे हीच चिकित्सा होय.

आणखी एक व्यावहारिक बाब. नवव्या मासातील योनिपिचू शास्त्रोक्त आहे. परंतु कोणत्याही कारणाने त्याआधी तैलपिचू योजला असेल, तर ते चाचणी करणाऱ्यास अवश्य कळवावे. स्निग्ध द्रव्यांनी, तसेच रक्तस्रावाने किंवा मागील २४ तासांतील समागमाने निष्कर्ष बिघडू शकतो.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. अहवाल हाती घेऊन घाबरलेले नातेवाईक दुकानात येतात आणि ‘गर्भ टिकण्याचे’ औषध मागतात. हिंगूळ व नागभस्म असलेला गर्भपाल रस त्यांना वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये आयुर्वेदिक औषधे घेतलेल्या सहा गर्भवतींमध्ये शिशाची विषबाधा नोंदली गेली, हे आपण विसरता कामा नये.

गर्भिणीपरिचर्या हे आपले सामर्थ्य आहे. आहार, विश्रांती आणि नियमित तपासणी यांतून ते सिद्ध करावे. जेथे आपली मर्यादा आहे, तेथे ती तत्काळ ओळखण्यातच गर्भिणीचे आणि शास्त्राचेही हित आहे.