फवारणाऱ्याचा जीव कोणाच्या हिशेबात?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. दवाखान्यात भरती झालेले शेकड्यांनी होते. तेव्हापासून एकच उत्तर आम्ही ऐकतो आहोत : हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, चूक शेतकऱ्याची.

हे उत्तर देणाऱ्याने पाठीवर पंप कधी घेतलेला नाही. त्या साली पऱ्हाटी माणसाएवढी वाढली होती. बीटीला बोंडअळी दाद देईना, म्हणून एका टाकीत दोन-तीन औषधे कालवली जात होती. नोझल डोक्याच्या उंचीवर धरले की तुषार उलटून तोंडावर, मानेवर येतात. टाकी गळते ती कमरेवर. मोनोक्रोटोफॉससारखे विष कातडीतूनही शिरते, घामेजल्या अंगात जास्तच. नाकाला बांधलेला दुपट्टा भिजला की विषाची पट्टी होऊन बसतो. आणि रबरी पोशाख चढवून ऑक्टोबरच्या उन्हात, दाट कपाशीत माणूस किती वेळ टिकेल? विषाने नाही तर उन्हाने पडेल.

कायद्यात सगळे आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांत संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, वैद्यकीय तपासणी, सारे लिहिलेले आहे. कारखान्यात निदान निरीक्षक तरी येतो. बांधावर कोण येणार? डब्यावरचा लाल त्रिकोण मजुराला दिसतच नाही, कारण औषध कालवून टाकी त्याच्या पाठीवर दुसराच कोणी चढवतो. मग तो दवाखान्यात पोचतो तेव्हा डॉक्टरला औषधाचे नाव सांगता येत नाही. विषाचा अंदाज देणारी रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी त्या वेळी यवतमाळच्या रुग्णालयात होत नव्हती.

म्हणजे एकेक उपाय कागदावर ठीक, पण सगळ्यांचा भार शेवटी त्याच एका घामाघूम माणसावर टाकलेला.

आता हे पाहा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्येच मनाई झाली. भाजी खाणाऱ्याचा जीव जपला गेला, चांगलेच झाले. पण कापसावर तेच विष चालू राहिले. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राची बंदी यायला २०२३ उजाडले. मधली अठरा वर्षे फवारणाऱ्याच्या अंगावरून गेली. डब्यातले विषच सौम्य केले असते तर मास्कची उठाठेव निम्मी उरली असती. हा उपाय कंपनीला आणि सरकारला करायचा होता, म्हणून त्याला वेळ लागला. मास्कचा उपदेश फुकट होता, तो लगेच मिळाला.

पण भावांनो, बोट फक्त दिल्लीकडे दाखवून भागणार नाही. गड्याला पंप देताना हातमोजे, साबण, पाणी आपल्यापैकी किती जण देतात? वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नको, हे किती जण सांगतात? बैठकीत हा विषय निघाला की माना खाली जातात, हे आम्ही पाहिले आहे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवत आहोत. जहाल औषधाच्या प्रत्येक डब्यासोबत कंपनीने संरक्षक साहित्य त्याच किमतीत द्यावे. हंगामात तालुक्याच्या रुग्णालयात कोलिनेस्टरेज तपासणी आणि अ‍ॅट्रोपिन असावे. डोक्याएवढ्या कपाशीत पाठीवरच्या पंपाने फवारणी करू नये, हे गावोगावी आपणच ठरवावे.